नुसती पडछाया

ओसाका

तीर्थस्वरूप अप्पाकाकांना सा. न.

पडछाया वस्तूला चिकटूनच सुरू झाली पाहिजे, नाहीतर मडकं हवेत तरंगतं, असं एलिमेंटरीच्या मुलांवर तुम्ही किती वर्षं ओरडलात! इथल्या एका चित्रकाराने मडकंच काढून टाकलं आणि पडछाया तेवढी ठेवली. जिरो ताकामात्सु (१९३६–१९९८). तोक्योच्या कलाविद्यापीठात तैलचित्रण रीतसर शिकलेला माणूस. १९६४ मध्ये सावल्या काढायला लागला तो मरेपर्यंत.

त्याच वर्षी ऑक्टोबरात, तोक्योत ऑलिंपिक चालू असताना, हे महाशय मित्रांबरोबर पांढरे कोट घालून तिथल्या गिंझा भागातले फुटपाथ घासत होते. तीही म्हणे कला! आजीने आधी घरचं अंगण झाडायला लावलं असतं.

इथल्या राष्ट्रीय कला संग्रहालयात त्यांचं १९७७ चं 'सावली' आहे, भिंतभर. पांढुरक्या पार्श्वभूमीवर माणसांच्या करड्या सावल्या, बाकी काही नाही. जवळ जाऊन पाहिलं तर करड्याच्याच फिक्या-गडद छटा. दोन सावल्या एकमेकींवर आल्या की तेवढाच भाग गडद. म्हणजे दिवे एकाहून जास्त धरलेत. तुम्ही आधी उजेड कुठून येतोय तेच विचारलं असतंत. मी मात्र वेड्यासारखा मागे वळून ही माणसं कुठे उभी आहेत ते बघत होतो.

१९६६ च्या तोक्योतल्या प्रदर्शनात तर त्यांनी गॅलरीच्या भिंतींवरच सावल्या रंगवल्या. येणाऱ्यांच्या खऱ्या सावल्या त्यांत मिसळायच्या. ते बघायला मिळायला हवं होतं.

गंमत म्हणजे जुन्या जपानी ठशांच्या चित्रांत पडछाया जवळजवळ नसतेच. ठशांचा चित्रकार हिरोशिगे याने १८५६ मध्ये जुन्या तोक्योतल्या चांदण्यातल्या सारुवाका रस्त्यावर माणसांच्या सावल्या पाडल्या, तो ठळक अपवाद.

बिनमाणसाची सावली म्हटली की अणुबॉम्बच्या झोताने हिरोशिमात दगडी पायरीवर उमटलेली सावली आठवतेच. पण ताकामात्सुंची सगळी चित्रं तिकडे ओढणं मला पटत नाही. १९६५ मध्ये त्यांनी एका तान्ह्या बाळाची सावली काढली. तिच्यात मला तरी भय दिसत नाही, उलट बाळ आत्ताच कुणीतरी कडेवर उचलून नेलंय असं वाटतं.

चिनूची परीक्षा झाली की त्याला दोन दिव्यांपुढे तांब्या ठेवून फक्त सावल्या काढायला लावा. आधी नको, मार्क जातील. काकूंना नमस्कार. गुडघ्याचं काय झालं ते कळवा.

तुमचा,
सुहास