इंजिन बदललं, ब्रेकचं काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत मारुतीच्या जुन्या पेट्रोल जिप्सीत डिझेल इंजिन बसवण्याबद्दलचा अर्ध्या पानाचा लेख वाचला. काल दिवसभर तो डोक्यातून जाईना, म्हणून लिहायला बसलो. ॲव्हरेज किती वाढतं, चढाला ओढ कशी मिळते, घातलेले पैसे किती दिवसांत वसूल होतात, सगळं त्यात आहे. ब्रेक हा शब्द मात्र एकदाही नाही. मी लेख दोनदा वाचून खात्री करून घेतली.

माझ्याकडे १९९८ ची जिप्सी किंग आहे. १२९८ सीसी, कार्बोरेटरवाली. गाव जुन्नर तालुक्यात, त्यामुळे ठाण्याहून माळशेजमार्गे महिन्याला दोन फेऱ्या ठरलेल्या. लिटरला जेमतेम नऊ किलोमीटर मिळायचे. २००७ साली पेट्रोल आणि डिझेलच्या दरात चांगलंच अंतर होतं. तुमच्या लेखकाने मांडलाय तोच हिशोब मीही वहीत मांडला होता. ठाण्यातल्याच एका गॅरेजवाल्याने झेन डिझेलमध्ये यायचं ते प्यूजोचं १५२७ सीसीचं इंजिन जुन्या बाजारातून आणलं आणि पंधरा दिवसांत गाडी सुरू करून दिली.

पहिल्याच दिवशी ब्रेकचं पेडल कडक लागलं. मी विचारलं. तो म्हणाला, "डिझेलचा ब्रेक असाच असतो साहेब, आठ दिवसांत पायाला सवय होईल." मी विश्वास ठेवला. शहरात वीस-तीसच्या वेगात निभावूनही गेलं.

जुलैत गावाहून परत येत होतो. मागे कांद्याच्या सहा गोण्या, शेजारी बाबा, मागच्या बाकावर आई. माळशेजचा उतार, धुकं, रस्ता ओला. एका वळणापलीकडे एसटी उभी होती, धबधबा बघायला थांबलेल्या गाड्यांनी तिची वाट अडवली होती. मी ब्रेक दाबला. पायाखाली दगड ठेवल्यासारखं पेडल. गाडी हळू होत होती, पण हवी तेवढी नाही. दोन्ही पाय पेडलवर ठेवून अक्षरशः उभा राहिलो, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ढकलली, हँडब्रेक ओढला. एसटीच्या मागच्या बंपरपासून वीतभर अंतरावर थांबलो. बाबा काही बोलले नाहीत. खाली उतरले, कडेचा एक धोंडा उचलला आणि पुढच्या चाकाला लावला. मग तिथेच पावसात उभे राहिले. त्यांचे हात थरथरत होते, ते मला आजही दिसतं.

पुढच्या आठवड्यात भिवंडीच्या एका वयस्कर मिस्त्रींकडे गाडी नेली. त्यांनी बॉनेट उघडलं, ब्रेकच्या बूस्टरपासून निघालेला रबरी पाइप हाताने चाचपत पुढे गेले आणि त्याचं टोक माझ्यासमोर धरलं. टोकात एक बोल्ट खुपसलेला होता, वरून क्लिप आवळलेली. तो पाइप कुठेच जोडलेला नव्हता.

लेखात यायला हवी होती ती गोष्ट ही. पेट्रोल इंजिनात हवेच्या वाटेवर थ्रॉटलची झडप असते. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की ती मिटते, इंजिन मात्र हवा ओढतच राहतं, म्हणून मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळीत, पोकळी तयार होते. त्याच पोकळीवर ब्रेकचा बूस्टर चालतो आणि आपल्या पायाचा जोर कितीतरी वाढवतो. जुन्या पद्धतीच्या डिझेल इंजिनात ही झडपच नसते. हवा मोकळी आत जाते, जोर कमी-जास्त होतो तो नुसत्या डिझेलच्या मापावर. त्यामुळे पोकळी मिळत नाही. म्हणून डिझेल गाडीला व्हॅक्यूम पंप वेगळा लागतो. काही इंजिनांत तो अल्टरनेटरच्या पाठीला असतो, काहींत कॅमशाफ्टच्या टोकाला. माझं इंजिन बाजारातून आलं तेव्हा त्याच्यासोबत पंप आलाच नव्हता, आणि गॅरेजवाल्याने भोक बुजवून टाकलं. मिस्त्रींनी पंप बसवला, पाइप बदलला, आणि फाटकापर्यंत जाऊन यायला सांगितलं. पेडल पूर्वीसारखं मऊ. घाटात मी दोन पायांवर उभा होतो, तेच काम आता पायाच्या बोटांनी होत होतं. तो बोल्ट मी मागून घेतला. अजून टेबलाच्या खणात आहे.

बाकीचे त्रास त्यामानाने किरकोळ, तरी लेखात एका ओळीत उरकण्यासारखेही नाहीत. इंजिन वजनदार, त्यामुळे पुढचे पाटे बसले. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये घातलेली प्लेट केसभर सरकलेली होती, म्हणून वर्षात दोन क्लचप्लेटा आणि एक पायलट बेअरिंग गेलं. पेट्रोल इंजिन वरच्या आरपीएमला, म्हणजे जोरात फिरताना, मोकळं होतं, डिझेल तिथे दमतं, पण गाडीचे गिअर पेट्रोलच्या हिशोबाने बांधलेले. हायवेला सत्तरच्या पुढे आत बसून बोलता यायचं नाही.

कागदपत्रं "नंतर करून घेता येतात" असं लेखात छापलं आहे. हे फार घातक आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ खाली आधी मंजुरी लागते. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाहीत. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ खाली अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. मी मंजुरी घेतली नव्हती, ती माझी चूक. २०१३ मध्ये पंधरा वर्षं भरली, गाडी आरटीओत पुन्हा तपासणीला नेली, तर नोंदणी पुस्तकातला इंजिन नंबर आणि गाडीतला नंबर जुळेना. त्यांनी परत पाठवलं, ते बरोबरच केलं. सुदैवाने मूळ इंजिन सोसायटीच्या पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली सहा वर्षं जपून ठेवलं होतं. तेच परत बसवलं. आज गाडी पेट्रोलवरच आहे, आणि नऊचेच ॲव्हरेज देते.

आता वहीतल्या हिशोबाबद्दल. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर सरकारी नियंत्रणातून मोकळे झाले. एकूण दरांच्या मानाने दोन इंधनांतलं अंतर आता माझ्या काळासारखं उरलेलं नाही. मग इंजिन बदलायला घातलेले लाखभर रुपये कुठून वसूल होणार? लेखकाने कोणत्या वर्षीचे दर धरले तेवढं तरी सांगावं.

आणखी एक. लेखासोबतच्या फोटोखाली 'विलीज जीप' असं छापलं आहे. ती विलीज नाही, ती जोंगा आहे. जबलपूरच्या व्हेइकल फॅक्टरीत लष्करासाठी बनलेली, निसानच्या पेट्रोलवर बेतलेली, जवळजवळ चार लिटरचं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन असलेली. 'पेट्रोल' हे निसानच्या त्या गाडीचं नाव, इंधनाचं नव्हे, यातही घोटाळा होऊ नये. विलीज तिच्याशेजारी उभी केली तर लहान भावंडासारखी दिसेल. अशी एखादी जोंगा अजून जपून वापरणाऱ्या माणसाला फोटोखालची ती ओळ वाचून काय वाटलं असेल?

कृपया पुढच्या रविवारी व्हॅक्यूम पंपाबद्दल चार ओळी ठळक अक्षरात छापा. तो लेख वाचून कुणीतरी आत्ता एखाद्या गॅरेजमध्ये गाडी लावली असेल, आणि त्याला गावी जायला घाट उतरावा लागत असेल.

हे पत्र लांबलं आहे, जागेअभावी कापावं लागलं तर जोंगाचा भाग कापा. ब्रेकचा परिच्छेद कापू नका. घोडबंदर रस्त्यावरच्या खड्ड्याबद्दल मागे मी पाठवलेलं पत्र तुम्ही निम्मं करून छापलंत, आणि खड्डा नेमका कुठे आहे ते सांगणारं वाक्यच त्यातून गेलं होतं.

आपला,
एक जुना वाचक, चरई, ठाणे (पश्चिम)