धाकट्याचं कोपर आणि जेमी मोयर

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

आई, रविवारी व्हिडिओ कॉलवर धाकट्याच्या कोपराला बर्फाची पिशवी बांधलेली तुला दिसली आणि "बंद करा ते बेसबॉल" असं म्हणून तू मोकळी झालीस. बाबा तेव्हा काही बोलले नाहीत. रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर त्यांची एकच ओळ आली, "पिचर होऊन पुढे काय?" हे फोनवर सांगायला गेले असते तर तुम्ही दोघांनी मला पुरतं बोलू दिलं नसतं, म्हणून लिहिते आहे.

आधी आईचं. कोपर शाबूत आहे. दुखत होता तो हाताचा स्नायू, दोन दिवसांत थांबला. इथे अमेरिकेत पिचरने, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या पोराने, किती चेंडू टाकायचे याला मर्यादा आहे. लिट्ल लीग या मुलांच्या लीगमध्ये अकरा-बारा वर्षांच्या मुलाला दिवसाला 85 च्या वर टाकू देत नाहीत, आणि 66 किंवा त्याहून जास्त टाकले तर पुढचे चार दिवस पिचिंग बंद. आकडा मोजायला कुणातरी पालकाला बसवतात. कधी कधी ते काम माझ्याकडे येतं. मुठीत क्लिकर धरायचा, प्रत्येक चेंडूला बटण दाबायचं, आणि शेजारची बाई गप्पा मारायला आली तरी नजर हलवायची नाही.

खरी गोम वेगळीच आहे. हे नियम त्या लीगपुरते. तीच मुलं दुसऱ्या दिवशी कुठल्यातरी महागड्या क्लबकडून खेळतात आणि दोन्हीकडच्या चेंडूंची बेरीज कुणीच करत नाही. म्हणून आमच्या घरात एकच टीम. यावरून नवऱ्याशी माझं वाजलं, कारण त्याच्या डोक्यात कॉलेजची स्कॉलरशिप आहे. अकराव्या वर्षी!

बाबा, तुम्ही पहिल्यांदा पिचिंग पाहिलंत तेव्हा म्हणालात, "हा तर चक्क फेकी आहे, नो-बॉल द्या." इथे फेकण्यालाच मान आहे, आणि दुखणंही त्यातूनच येतं. कोपरातून वाकलेला हात मागे जातो आणि पुढे झटकला जातो, त्या क्षणी कोपराच्या आतल्या बाजूच्या लिगामेंटवर, म्हणजे हाडं जोडणाऱ्या पट्ट्यावर, प्रचंड ताण येतो. एकेकाळी ते तुटलं की पिचर संपला असंच समजत. 1974 साली लॉस एंजेलिस डॉजर्सच्या टॉमी जॉन नावाच्या डावखुऱ्या पिचरचं ते तुटलं. डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्या उजव्या हातातला एक टेंडन (स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी) काढून डाव्या कोपरात बसवला. असं आधी कुणी केलं नव्हतं. 1975 चा पूर्ण सीझन तो बाहेर बसला, 1976 मध्ये परतला आणि 1989 पर्यंत खेळला. इथे मॅचची हार-जीत पिचरच्या नावावर लिहितात; त्याच्या नावावर 288 विजय आहेत, त्यातले 164 ऑपरेशननंतरचे. आज त्या ऑपरेशनला त्याचंच नाव आहे. वाईट इतकंच की आता शाळकरी मुलांनाही ते करावं लागतं. आई, तुझी भीती खुळी नाही.

आता बाबांचा प्रश्न. बहुतेकांचं पुढे काहीच होत नाही. आपल्याकडचे रिंकू सिंग आणि दिनेश पटेल आठवतात ना, उत्तर प्रदेशातले भालाफेकपटू? 2008 मध्ये पिट्सबर्ग पायरेट्सने त्यांना करारबद्ध केलं तेव्हा केवढं कौतुक झालं होतं. दोघंही खालच्या लीगच्या वर पोचले नाहीत. रिंकू नंतर कुस्तीच्या टीव्ही शोमध्ये गेला. हे मी धाकट्यालाही सांगितलंय. पण ज्याच्याबद्दल तुम्हाला खरं सांगायचंय तो जेमी मोयर.

हा आमच्याच भागातला. फिलाडेल्फियाच्या उत्तरेला तासाभरावरच्या साउडरटनमध्ये वाढला, जन्म 1962 चा. 1986 मध्ये शिकागो कब्जकडून पहिली मॅच खेळला तेव्हा समोर पिचिंगला होता स्टीव्ह कार्लटन, लहानपणचं त्याचं दैवत. ती मॅच मोयरने जिंकली. सुरुवात अशी झकास, आणि पुढे उतरतीच. 1991 संपता संपता हिशेब होता 34 विजय, 54 पराभव. 1992 च्या वसंतात कब्जने त्याला सोडून दिलं आणि वर विचारलं, कोच म्हणून काम करतोस का? वय 29. बाबा, 29 व्या वर्षी ज्याला "आता दुसऱ्यांना शिकव" असं सांगतात त्याने काय समजायचं? मोयरने नाही म्हटलं. ते अख्खं वर्ष तो टोलेडोत, खालच्या लीगमध्ये खेळला.

1993 मध्ये बाल्टिमोरने त्याला वर आणलं, पुढे बॉस्टन. आणि 1996 च्या जुलैत, सीझनच्या मध्यावर, सिअ‍ॅटल. बाबा, बँकेच्या बदल्यांवरून तुम्ही कायम चिडायचात, पण इथली तऱ्हा त्याहून न्यारी. तुमच्या जागी निदान कुणाला वस्तूसारखं मोजून दिलं नव्हतं. मोयर सिअ‍ॅटलला गेला तो डॅरेन ब्रॅग या खेळाडूच्या मोबदल्यात. एकूण आठ टीम झाल्या. आई, मुलंही आठच! त्यातल्या दोन मुली ग्वातेमालातून दत्तक घेतलेल्या. हा माणूस महिनोन्‌महिने दौऱ्यावर असताना त्याची बायको कॅरन घर कसं रेटत असेल, याचा हिशेब कुठल्या रेकॉर्डबुकात सापडायचा नाही.

सिअ‍ॅटलमध्ये त्याचं नशीब उघडलं. 2001 मध्ये 20 मॅच जिंकल्या, 2003 मध्ये 21, तेव्हा तो चाळिशीत होता. 2006 मध्ये फिलाडेल्फियाला, म्हणजे घरीच आला. 2008 च्या वर्ल्ड सिरीजची, म्हणजे इथल्या अंतिम लढतीची, तिसरी मॅच आम्ही टीव्हीवर पाहिली. पावसामुळे ती रात्री दहानंतर सुरू झाली. मोयर पंचेचाळीस वर्षांचा, त्यात पोट बिघडलेलं, तरी नऊपैकी सातव्या इनिंगपर्यंत टिकला. संपेपर्यंत पावणेदोन वाजले, फिलीज, म्हणजे आमची फिलाडेल्फियाची टीम, जिंकले. सिरीज जिंकल्यावर त्याने आपण ज्यावर पाय रोवून टाकायचो ती पिचरच्या उंचवट्यावरची रबराची पट्टी खणून काढली आणि घरी नेली.

आणि हे सगळं वेगाशिवाय! आजचे पिचर ताशी 95 मैलांच्या पुढे टाकतात, म्हणजे दीडशे किलोमीटरच्या वर. मोयरचा जोरात टाकलेला चेंडू 80 च्या आसपास रेंगाळायचा. त्याचं हत्यार होतं चेंजअप. बोटांच्या टोकांऐवजी चेंडू तळहातात खोल धरायचा, मात्र हात नेहमीच्याच वेगाने फिरवायचा. बॅटरला हात दिसतो, तो त्याच्या भरवशावर बॅट घुमवतो, आणि चेंडू अजून वाटेतच असतो. कांगा लीगमध्ये चिखलात, ओला चेंडू हातातून निसटत असताना तुम्ही जो हळू ऑफब्रेक टाकायचात तो हाच प्रकार. फरक एवढाच की इथे टप्पा नाही, आणि अंतर 60 फूट 6 इंच.

त्याला देव करून ठेवायचं काही कारण नाही. होमरन, म्हणजे इथले षटकार, त्याने पोत्याने खाल्ले, कारकिर्दीत 522. सर्वाधिक होमरन देण्याचा विक्रम त्याच्याच नावावर आहे. 2018 मध्ये हॉल ऑफ फेमसाठी, म्हणजे थोर खेळाडूंच्या मानाच्या पंक्तीसाठी, नाव आलं तेव्हा त्याला 2.4 टक्के मतं पडली आणि पुढच्या वर्षी उमेदवारांच्या यादीतूनच गेला. इतकी वर्षं टिकणं म्हणजेही थोरवी असं मला वाटतं, मतदारांना वाटलं नाही.

2010 मध्ये त्याचंही कोपर गेलं. अठ्ठेचाळीस पूर्ण झाल्यावर लगेच, डिसेंबरात, त्याने ते टॉमी जॉन ऑपरेशन करून घेतलं. बाकीच्यांनी पेन्शनचे कागद भरले असते. 2011 पूर्ण गेलं. 17 एप्रिल 2012 ला कोलोरॅडोकडून सान दिएगोविरुद्ध उभा राहिला, सात इनिंग टाकल्या आणि जिंकला. वय 49 वर्षं आणि जवळपास पाच महिने. मेजर लीगमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या लीगमध्ये, मॅच जिंकणारा इतका वयस्कर पिचर आधी झाला नव्हता. त्याचे एकूण विजय 269, त्यातले 235 तिशी ओलांडल्यावरचे.

म्हणून बाबा, "पुढे काय" हे मला ठाऊक नाही, आणि अकराव्या वर्षी कुणाला असूही नये. मी आमच्यापुरतं ठरवलंय. त्याच्या टीममधल्या दोन बापांनी वेग मोजायची रडार गन आणली आहे. ती धाकट्याला लावू द्यायची नाही. हिवाळ्यात तीन-चार महिने चेंडूला हात नाही, पोहायला जाईल. दुखलं तर लपवायचं नाही, हे त्याच्याकडून कबूल करून घेतलंय. आई, ही तीन कलमं मोडली तर तू म्हणशील तेव्हा बेसबॉल बंद.

आणि बाबा, एक काम तुमच्याकडे. परवा तुम्ही त्याला विचारलंत, "किती स्पीड पडतो रे?" ते आता विचारू नका. त्याऐवजी येत्या रविवारी तुमचा तो हळू चेंडू कसा धरायचात ते दाखवा. शिवण कुठे, अंगठा कुठे, सोडताना मनगट कसं, सगळं. कपाटावरच्या डब्यात जुना चेंडू आहे, नसेल तर कांदा चालेल. आई, तू फोन धर, पण आडवा आणि बाबांच्या हाताजवळ. मागच्या वेळी आम्ही अर्धा तास पंखाच बघत होतो.

तुमची लेक