बाई, त्या अठ्ठावीस ठोक्यांसाठी

प्रिय बाई,

सराव परीक्षेचा गणिताचा पेपर होता. पहिला प्रश्न मी चार वेळा वाचला. अक्षरं दिसत होती, अर्थ लागत नव्हता. बोटं गार पडली, तळव्यांना घाम सुटला. पाणी पिऊन येते म्हणून बाहेर पडले ती परत गेलेच नाही. प्रयोगशाळेच्या पायरीवर बसलेली तुम्हाला दिसले.

तुम्ही काही विचारलं नाहीत. शेजारी बसलात, माझं मनगट धरलंत आणि घड्याळाकडे बघत नाडी मोजलीत. पंधरा सेकंदांत 28 ठोके.

"म्हणजे मिनिटाला 112. बसली आहेस एका जागी, पण शरीर तुझं पळतंय." मग सांगितलंत की भीती वाटली की शरीरात ॲड्रिनलिन नावाचं संप्रेरक सुटतं, हृदय जोरात धावतं, त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून बोटं गार. मला वाटत होतं, माझं डोकंच बिघडलंय. जे होतंय त्याला कारण आहे, एवढं कळल्यावरच मला रडू आलं. चार आकडे मोजत श्वास घ्यायचा, सहा मोजत सोडायचा, असं तुम्ही माझ्याबरोबर करत राहिलात. पुन्हा पंधरा सेकंद नाडी बघितलीत. 22. "हे तू केलंस," म्हणालात.

त्या वर्षी जो तो मला दोनच गोष्टी ऐकवत होता. एक, याच वर्षावर सगळं आयुष्य आहे. दोन, त्यात घाबरायचं काय, परीक्षाच तर आहे. पहिल्यानं धडकी भरायची, दुसऱ्यानं फार एकटं वाटायचं. तुम्ही मात्र मला खोटा धीर दिला नाहीत. "परीक्षा महत्त्वाची आहेच. पुढचा प्रवेश तिच्यावर आहे. पण तिचं माप नीट घे. ठरलेल्या धड्यांतलं तुला त्या दिवशी, त्या तीन तासांत किती आठवलं, एवढंच ती विचारते. त्यावरून बाकीची तू कशी आहेस, हे कशाला ठरवतेस?" हे वाक्य मी वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं होतं.

अभ्यासाची रीतही तुम्हीच बदलायला लावलीत. तेच पान पुन्हा पुन्हा वाचलं की ओळखीचं होतं आणि येतंय असं वाटतं. पुस्तक मिटून लिहायला बसलं की खरं कळतं. सुरुवातीला अर्धं पानही भरेना, फार वाईट वाटायचं. तरी ते वाईट वाटणं घरी, टेबलापाशी झालं, परीक्षेच्या वर्गात नाही.

आणि तो कागद. पेपरच्या आधी दहा मिनिटं, मनात जी भीती असेल ती जशीच्या तशी लिहून काढायची. पुढे 2011 साली 'सायन्स' या नियतकालिकात रामिरेझ आणि बायलॉक या संशोधकांनी नेमकं हेच मांडलं. परीक्षेची धास्ती घेणाऱ्या मुलांनी पेपरआधी दहा मिनिटं आपली भीती लिहिली, तर त्यांचे गुण सुधारले. काळजी डोक्यातली जागा अडवून बसते, मग गणिताला जागा उरत नाही. तुम्हाला हे त्याच्या कितीतरी आधी कुठून सुचलं, विचारायचं राहिलं.

पहिल्या दिवशी त्या कागदावर मी एकच ओळ लिहिली होती: आईला काय सांगू? तुम्ही कागद वाचला नाहीत, पण मी तो कितीदा घडी करतेय हे पाहिलंत. "यातलं जे कुणाला सांगण्यासारखं असेल ते आजच सांग, निकालाची वाट बघू नकोस." त्या रात्री आईला सगळं सांगितलं, पेपर सोडून आल्याचंही. ती रागावली नाही. म्हणाली, मलाही झोप लागत नाही गं. त्यानंतर आम्ही दोघी दहा वाजता दिवा मालवू लागलो.

शेवटच्या दिवशी तुम्ही म्हणाला होतात, "निकाल लागला की भेटायला ये. गुण सांगायला नको, नुसती ये." मला हवे होते तेवढे गुण पडले नाहीत आणि मी आले नाही. तुम्ही गुण नकोत म्हणाला होतात, तरी आले नाही. बाई, ते फार मनात राहिलं आहे. आज आले आहे.

तुमची,
पायरीवरची विद्यार्थिनी