खेळणी नव्हेत!

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतल्या छंदांवरच्या लेखात मॉडेल रेल्वेला ‘मुलांचं खेळणं’ म्हटलं, ते वाचून वाईट वाटलं. मी स्विंडनला राहतो. चार वर्षांपासून एका दाराएवढ्या फळीवर १९३०च्या दशकातलं ग्रेट वेस्टर्न या जुन्या ब्रिटिश रेल्वे कंपनीचं छोटं स्थानक उभारतो आहे.

माझं मॉडेल ब्रिटिश एन गेज या मापाचं: प्रमाण १:१४८, म्हणजे खऱ्याच्या १४८ पट लहान, रुळांमधलं अंतर ९ मिलिमीटर. रुळांखालची पाच सेंटिमीटरची खरी खडी इथे मिलिमीटरचा तिसरा हिस्सा होते. जाड खडी टाकली की रूळ दगडधोंड्यांत हरवतात. म्हणून मी ती गाळणीने चाळतो, कोरडीच पसरतो, मग पाण्याचा फवारा, आणि ड्रॉपरने निम्मं पाणी घातलेला पांढरा गोंद. त्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब हवाच, नाहीतर गोंद आत मुरत नाही. फूटभर रुळाला अख्खी संध्याकाळ जाते.

रस्ता मोकळा असताना ग्रेट वेस्टर्नच्या सिग्नलचा हात खाली झुकतो. मी आधी वर उठणारा लावला होता. जुने फोटो पाहिल्यावर तो उपटून नवा केला.

पुढच्या लेखाआधी आपल्या प्रतिनिधीने पुण्यातलं जोशी यांचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय तरी पाहावं, ही विनंती.

– एक वाचक, स्विंडन (इंग्लंड)