आशाताई, त्या दिवशी तुम्ही माझी बोटं चोळलीत

आशाताई,
सप्रेम नमस्कार.

काल, २५ सप्टेंबर २०२१ला, माझा कोरोनाच्या लशीचा दुसरा डोस झाला. पहिल्यापासूनचे ८४ दिवस मी एकेक करून मोजले होते. केंद्रावर एवढी गर्दी होती की तुम्ही रजिस्टरमधून मान वर काढायला तयार नव्हता, त्यामुळे बोलणं झालं नाही. रात्री फोन करून विचारलं, पत्रात तुमचं नाव घालू का? तर म्हणालात, "नाव नको वहिनी, आशाताई म्हणूनच लिवा, गावात सगळी तेच म्हणत्यात." बरं. पण पत्र मी उघडच लिहिणार आहे. तुम्हाला दाराबाहेर उभं केलं गेलं ते चारचौघांत, मग आभार तरी बंद पाकिटात कशाला?

आधी एक कबुली द्यायची आहे. गेल्या वर्षी सप्टेंबरात सरकारच्या 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' या घरोघरच्या कोरोना-तपासणीच्या सर्व्हेला तुम्ही, गावच्या आशा आरोग्यसेविका म्हणून, आमच्याकडे आला होता. ओट्यावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसून सगळ्यांचं तापमान घेतलंत, ऑक्सिजन बघितलात, वहीत लिहिलंत. तुमची पाठ वळल्यावर मी त्या खुर्चीवर सॅनिटायझर फवारलं आणि ती दोन दिवस उन्हात ठेवली. पाणीसुद्धा विचारलं नाही. घरोघर फिरणारी बाई, हिच्याबरोबर कोरोना येणार, असं आमच्या आळीत सगळेच म्हणायचे आणि मीही म्हणायचे. काही घरांनी तर तुम्हाला बघून कडी लावली. हे तुम्हाला माहीत आहे, हे मला नंतर कळलं.

यंदाच्या एप्रिलमध्ये माझे चुलतदीर गेले. वय ४१, कसलं दुखणं नाही, सुपारीचंही व्यसन नाही. ताप आल्यापासून सहाव्या दिवशी ते नव्हते. मधले दोन दिवस बेडसाठी सातारा, कराड, पुणे असे फोन करण्यात गेले. फोन मीच लावत होते, कारण घरातल्या बाकीच्यांना बोलायला सुचत नव्हतं. पलीकडून कोणी छातीच्या सीटी स्कॅनचा "स्कोअर किती?" विचारायचं, कोणी रक्तातल्या ऑक्सिजनचं "सॅच्युरेशन किती?" आणि आकडा सांगितला की लाइन कट. त्या दोन दिवसांत माझ्या डोक्यात एकच गोष्ट पक्की बसली. माणूस म्हणजे बोटाला लावलेल्या मशीनवरचा आकडा. तो ९४च्या खाली गेला की आपल्याला कुणी विचारत नाही.

त्यानंतर मी ऑक्सिमीटर घेतलं. औषधाच्या दुकानात तेव्हा मिळत नव्हतं, जास्तीचे पैसे मोजून कुणाकडून तरी आणलं. सुरुवातीला सकाळ-संध्याकाळ लावायचे, मग तासातासाला, मग दिवसातून चाळीस-पन्नास वेळा. ९८ आलं की दोन मिनिटं जीव भांड्यात पडायचा. ९६ आलं की तळव्यांना घाम. सकाळी डोळे उघडले की आधी हिंगाची डबी नाकाशी धरायची, वास येतोय ना? मग कापूर. मग चहाच्या पुडीचा डबा. व्हॉट्सअॅपवर आलेलं ते 'दहा सेकंद श्वास रोखून बघा' मी रात्री दोन वाजता अंथरुणात बसून करायची. कापूर-ओव्याची पुरचुंडी उशाला असायचीच. पोरांना मी शेजारच्या खोलीत झोपवायला लागले होते. मला काही झालेलं नव्हतं, तरी. धाकटी सहा वर्षांची आहे. ती दाराच्या फटीतून हात घालून म्हणायची, "आई, नुसता हात धर." मी धरत नव्हते.

घरात सासूबाईंना मार्चमध्ये लस मिळाली, साठीच्या वरचे म्हणून. यांना एप्रिलमध्ये, ४५च्या वरचे म्हणून. मी ३८ची. १ मेपासून १८ ते ४४ वयाचं सुरू होणार म्हटल्यावर मी कॅलेंडरवर गोल केला होता. पुढे लशीच्या नोंदणीच्या त्या सरकारी साइटवर, कोविनवर, काय झालं ते सगळ्यांनाच माहीत आहे, त्यात शिरत नाही. ओटीपी येईपर्यंत स्लॉट संपायचा. आपल्या केंद्राचे स्लॉट पुण्या-मुंबईच्या लोकांनी घेतले, गाड्या घेऊन आले आणि टोचून गेले. गावातली पोरं चिडली, भांडणं झाली. मला त्या गाडीवाल्यांचाही राग आला नाही खरं तर. तीही माझ्यासारखीच घाबरलेली माणसं होती, फक्त त्यांच्याकडे इंटरनेट वेगाचं होतं. वाईट याचं वाटायचं की जगभर लस पाठवणारा कारखाना आपल्या पुण्यात, हडपसरच्या बाजूला, आमच्यापासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, आणि आमच्या केंद्राच्या दारावर खडूनं लिहिलेलं, 'लस संपली आहे'.

१२ मेपासून राज्यानं आमच्या वयाचं लसीकरण थांबवलं. आहेत ते डोस ४५ वरच्यांच्या दुसऱ्या डोसाला वापरायचे ठरलं. निर्णय चुकीचा होता असं मी आज म्हणत नाही. दुसऱ्याच दिवशी कोविशील्ड लशीच्या दोन डोसांतलं अंतर १२ ते १६ आठवडे झाल्याचं ऐकलं. आधी ४ ते ६ होतं, मग ६ ते ८. सासूबाई विचारत होत्या, "मग आपल्याला खरं काय समजायचं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मला एवढंच कळत होतं की मी धरून बसलेली फांदी तुटली.

या काळात मी मदत मागितली नाही असं नाही. तालुक्याच्या गावातल्या एका डॉक्टरांकडे गेले. त्यांनी सीआरपी, डी-डायमर अशा रक्ताच्या सगळ्या तपासण्या करायला लावल्या, रिपोर्ट साफ आले. म्हणाले, पुढच्या आठवड्यात परत करून बघू. असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा सीटी स्कॅनची चिठ्ठी दिली. विनाकारण सीटी करू नका असं दिल्लीच्या एम्स रुग्णालयाचे डॉ. गुलेरिया त्याच दिवसांत टीव्हीवर सांगत होते. तीन वेळा साफ रिपोर्ट हातात धरणाऱ्या त्या माणसाला एकदाही वाटलं नाही की समोरच्या बाईचे हात का थरथरतायत ते विचारावं. दुसरे एक ओळखीचे डॉक्टर फोनवर म्हणाले, "तुम्हाला काही झालेलं नाही, मनाचे खेळ आहेत, बातम्या बघू नका," आणि ठेवला फोन. खरंच होतं ते. पण मनाला होतं ते दुखत नाही असं त्यांना कुणी सांगितलं? नातेवाइकांचं तर विचारूच नका. "पॉझिटिव्ह विचार कर" असं सांगणारे तेच आणि संध्याकाळी ग्रुपवर श्रद्धांजलीचे फोटो टाकणारेही तेच.

आता त्या दिवसाबद्दल. मे महिन्याचा शेवटचा आठवडा होता. सकाळी अकराच्या सुमाराला मशीनवर ९१ आलं. पुन्हा लावलं, ९०. तिसऱ्यांदा नुसत्या रेघा. मी ओट्यावर येऊन बसले, कारण पाय चालेनात. हे कामावर गेले होते आणि सासूबाई मागे गोठ्यात. तुम्ही समोरच्या घरी क्वारंटाइनचा स्टिकर लावत होतात. मी हाक मारली की नाही आठवत नाही. तुम्ही आलात. सहा फुटांवर थांबला नाहीत, सरळ ओट्याची पायरी चढून माझ्यासमोर उकिडव्या बसलात. म्हणालात, "बघू हात."

मशीन बघायच्या आधी तुम्ही माझा हात बघितलात. "आवो वहिनी, ह्यो हात हाय का बर्फ? उन्हाळ्यात?" असं म्हणत माझी बोटं तुमच्या दोन्ही तळव्यांत घेतलीत आणि चोळायला लागलात. थंडीत लेकराचे हात चोळतात तशी. एकेक बोट, बुडापासून टोकापर्यंत. तुमच्या हातातला रबरी मोजा उजव्या अंगठ्याशी फाटलेला होता, त्यातून तुमची कातडी माझ्या बोटाला लागत होती, खरखरीत आणि ऊन. त्या मोज्याचा कचकच आवाज मला अजून ऐकू येतो. तुम्ही घाई केली नाहीत. मध्ये एकदा तुमचा फोन वाजला, तो तुम्ही तसाच वाजू दिलात. "भ्यालं की हात गार पडत्यात. गार बोटात मशीनला नाडी घावत न्हाई, मग ते काय बी दावतं. न्हाईतर नखाला रंग असला तरी तसंच. घाबरायचं न्हाई. घाबरलाच तर आधी हात चोळायचं, मग मशीन." मग मशीन लावलंत आणि माझ्याकडे तोंड करून धरलंत. तुम्ही स्वतः ते वाचलंसुद्धा नाही. ९८.

मी रडले. तुम्ही "रडू नका" म्हणाला नाहीत. बसून राहिलात. मला वाटतं, दिराचे दिवस झाल्यापासून मला कुणी हात लावलेला तो पहिलाच. मी स्वतःच कुणाला लावू देत नव्हते. आणि मला हात लावला कुणी? त्याच बाईनं, जिची खुर्ची मी उन्हात ठेवली होती.

जाताना म्हणालात, "हे मशीन मला द्या चार दिवस. खालच्या वाडीत एकाच घरात तिघं पडल्यात आणि माझं बंद पडलंय." मी दिलं. देताना हात आवळला होता, ते तुम्ही पाहिलंत, पण बोलला नाहीत. तेव्हापासून जेव्हा तुम्ही आळीत यायचात तेव्हाच माझं ऑक्सिजन मोजलं जायचं. आधी हात चोळून. पहिल्या आठवड्यात रिकामं बोट सारखं चाचपायची सवय जात नव्हती. जूनमध्ये कधीतरी हिंगाची डबी फक्त फोडणीला उघडली जायला लागली. भीती गेली असं लिहिलं तर खोटं होईल. आत्ताही तिसऱ्या लाटेचं ऐकलं की पोटात गोळा येतो. पण धाकटी आता माझ्या कुशीत झोपते.

१५ जूनला तुम्ही सगळ्या संपावर गेलात. राज्यातल्या सत्तर हजारांच्या आसपास आशा. तेव्हा पारावर काय काय बोललं गेलं ते मी ऐकलंय. "ऐन साथीत संप? माणुसकी आहे का?" ज्यांनी कड्या लावल्या होत्या तेच माणुसकीचं विचारत होते. त्या दिवशी मी तिथे होते, हातात गिरणीतला डबा होता, आणि मी गप्प राहिले. याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. मला बोलता आलं असतं. विचारता आलं असतं की हजार लोकांमागे एक बाई, ती सकाळी आठला घर सोडते, पोलिओपासून बाळंतपणापर्यंत सगळं तिच्याच गळ्यात, वर कोरोना, आणि तिला पगार नाही, मानधन. म्हणजे मान आणि धन, आणि आपण त्यातलं नक्की काय दिलं? शेवटी जुलैपासून हजार रुपये वाढ आणि पाचशे कोविड भत्ता असं ठरलं आणि तुम्ही परत दारोदार आलात. कुणाला टोमणा मारला नाहीत. मला आधी वाटायचं चांगुलपणा म्हणजे काहीतरी मोठं, देवळात-कीर्तनात सांगतात तसलं. तुमचा चांगुलपणा मात्र मी फाटक्या मोज्यातून बघितला. ज्यानं आपल्याला बसायला दिलं नाही त्याच्यासमोर उकिडवं बसायचं, हे मला अजून जमेल असं वाटत नाही.

संप मिटला आणि २ जुलैच्या संध्याकाळी तुमचा फोन आला. "उद्या शंभर डोस हायती. आधार कार्ड घेऊन साडेसातला या, जेवून या, उपाशी येऊ नका." टोचल्यावर अर्धा तास बाकावर बसवलं होतं. मला दर मिनिटाला वाटत होतं, आता चक्कर येणार, आता श्वास अडकणार. तुम्ही लांब गेटपाशी टोकन वाटत होता, चाळीस माणसं तुमच्या अंगावर ओरडत होती. त्यातून तुमचं माझ्याकडे लक्ष गेलं. तुम्ही काही बोलला नाहीत. टोकनांचा गठ्ठा काखेत धरून दोन्ही तळवे एकमेकांवर चोळून दाखवलेत आणि परत गर्दीकडे वळलात. मी बाकावर बसून हात चोळले. अर्धा तास गेला.

मशीन तुम्ही मागच्या महिन्यात परत पाठवलंत, दुधाच्या धुतलेल्या पिशवीत गुंडाळून. मी उघडून बघितलं, सेल नवे होते. ते तुम्ही तुमच्या पैशांतून घातलेत, हो ना? मशीन मी परत तुमच्याकडेच पाठवतेय. वाडीला लागेल.

आणि येत्या रविवारी तुम्ही घरी यायचं आहे, सर्व्हेला नाही. सासूबाईंनी पुरणाचं ठरवलंय. ओट्यावर थांबायचं नाही, आत यायचं. खुर्ची मी स्वयंपाकघरात ठेवलीय.

तुमची,
वरच्या आळीतली वहिनी