ज्याला येतं त्यानं तोंडानं सांगायचं

प्रिय बाळा,

तुझं नाव इथं लिहीत नाही, तुला न विचारता नेटवर टाकणं मला पटत नाही. पण 2019-20 च्या आपल्या सातवीतल्या कुणीही हे वाचलं तर दोन ओळींतच कळेल की सर कुणाला लिहितायत. तुझे आभार मानायचे राहून गेलेत. सातवी संपत आली आणि लॉकडाऊन लागला, निरोप समारंभ नाही की काही नाही, तू हायस्कूलला गेलीस आणि माझं बोलायचं राहिलं ते राहिलंच.

गावानं लोकवर्गणी काढून मोठा टीव्ही आणि कॉम्प्युटर घेऊन दिला होता. कपाटाची किल्ली माझ्याकडं, पासवर्ड माझ्याकडं, माऊसही माझ्याच हातात. पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करायचा, दीक्षा या सरकारी अभ्यासाच्या ॲपवरचा व्हिडिओ लावायचा, तुम्ही हाताची घडी घालून बघायचं, आणि मला खरंच वाटायचं की आपला वर्ग डिजिटल झाला. पोरं हात लावतील, काहीतरी बिघडेल, लोकांच्या घामाचा पैसा आहे, ही धास्ती होती आणि ती खोटी नव्हती. पण त्या धास्तीपायी टीव्ही म्हणजे नुसता दुसरा फळा होऊन बसला होता.

मग तो भौमितिक रचनांचा तास. जिओजेब्रावर, म्हणजे भूमितीच्या आकृत्या काढायच्या सॉफ्टवेअरवर, मी त्रिकोण काढला, तिन्ही बाजूंचे लंबदुभाजक, म्हणजे बाजूच्या मधोमध काटकोनात जाणाऱ्या रेषा, काढले, त्या जिथं मिळतात ते परिकेंद्र, म्हणजे तिन्ही टोकांतून जाणाऱ्या वर्तुळाचं केंद्र, दाखवलं आणि पुढं जाणार तेवढ्यात तू उठून म्हणालीस, "सर, मी ओढून बघू का?" काय ओढणार ते मला कळलंच नाही. तू येऊन त्रिकोणाचं वरचं टोक माऊसनं धरलंस आणि हळूहळू खाली आणायला लागलीस. परिकेंद्र सरकायला लागलं. काटकोन झाला तसा तो बिंदू खालच्या बाजूवर अगदी मधोमध येऊन बसला, आणि टोक अजून खाली आणलंस तसा त्रिकोणातून बाहेरच पडला. मागून कुणीतरी ओरडलं, "ए, गेलं की बाहेर!"

विशालकोन त्रिकोणाचं परिकेंद्र बाहेर असतं हे वाक्य मी कितीतरी वर्षं फळ्यावर लिहून देत होतो आणि पोरं पाठ करत होती. त्या दिवशी कुणी काही पाठ केलं नाही. अर्धा तास नुसता वाद, बिंदू बाहेर गेला तरी वर्तुळ तिन्ही टोकांतून जातंच कसं, मग कंपास काढून वहीत तपासणं, मग परत टीव्हीवर. मी फक्त मधे मधे "का?" एवढंच विचारत होतो.

दुसऱ्या दिवशी मी पासवर्ड फळ्यावर लिहून टाकला. आणि आठवड्याभरात घोळ झाला, तो मला दिसलाच नव्हता, तू दाखवलास. मधल्या सुट्टीत ऑफिसच्या दारात येऊन म्हणालीस, "सर, माऊस त्या तिघांकडंच असतो, आम्ही पोरी नुसत्या मागं उभ्या असतो." मी तर खुशीत होतो की पोरं स्वतः शिकतायत. 1999 मधे दिल्लीत कालकाजीला सुगाता मित्रा या शिक्षणतज्ज्ञांनी भिंतीत कॉम्प्युटर बसवला आणि वस्तीतली मुलं आपापली शिकली, हे मी वाचलं होतं. त्यांची एक लॅब पुढं आपल्या फलटणलाही झाली. पण भिंतीतल्या त्या कॉम्प्युटरवर मोठ्या पोरांचाच ताबा असायचा, मुली मागं पडायच्या, अशी टीकाही झालीय, ते काही माझ्या डोक्यात राहिलं नव्हतं. नुसतं मुलांवर सोडून दिलं की जो दांडगा तोच पुढं, हे मला तू सांगितलंस, बारा वर्षांची असताना.

आणि उपायही तुझाच. ज्याला येतं त्यानं माऊसला हात लावायचा नाही, तोंडानं सांगायचं; ज्याला येत नाही त्यानं माऊस धरायचा. किती साधं आहे, पण यामुळं ज्याला येतं त्याला नीट शब्दांत सांगावं लागतं, "इथं दाब, तिथं दाब" चालत नाही, आणि ज्याला येत नाही त्याच्या हातून काम होतं. त्या तिघांतल्या एकाला "लंबदुभाजक" म्हणजे काय ते सांगता सांगता स्वतःलाच पहिल्यांदा कळलं, हे मी डोळ्यानं पाहिलंय.

नंतर तुम्ही डेअरीच्या पावत्या आणल्या, घरोघरच्या दुधाचं फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) कॉम्प्युटरवर भरलं, सरासरी काढली, आलेख काढला. ते तर माझ्या नियोजनात कुठंच नव्हतं. तुझ्या वडिलांनी तो आलेख फोनमधे ठेवलाय, परवा बाजारात भेटले तेव्हा दाखवला मला.

तुझा नियम मी त्यानंतरच्या प्रत्येक वर्गाला लावलाय बरं का. तू स्केचपेननं लिहिलेला पुठ्ठा अजून टीव्हीखाली आहे, कोपरा फाटला म्हणून लॅमिनेट करून घेतला. यंदाच्या सातवीतली एक मुलगी विचारत होती, "सर, हे कुणी लिहिलंय?" मी म्हटलं, ती आली की तिलाच विचार. तर दिवाळीच्या सुट्टीआधी एक दिवस वेळ काढून शाळेत ये, सकाळी आलीस तर बरं, गणिताचा तास पहिलाच असतो.

तुझे,
सर