“घाम येतो हो यात फार”

प्रिय फिजिओ मॅडम,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र उजव्या हाताने टाइप करतेय. एकाच बोटाने, पण उजव्या.

पक्षाघातानंतर आधी जिथे जात होते, तिथे हातात रबरी चेंडू देऊन “दाबत बसा” म्हणायचे आणि फोनवर बोलत बाहेर जायचे. आठव्या महिन्यात तिथल्या डॉक्टरांनी माझ्यादेखत नवऱ्याला सांगितलं, “या हाताकडून आता फार आशा ठेवू नका.” अहो, हात गेला होता, कान नव्हे!

त्यामुळे तुम्ही व्हीआरचा, म्हणजे डोळ्यांपुढे आभासी दुनिया उभी करणारा, हेडसेट काढलात तेव्हा वाटलं, आणखी एक खूळ. आत एक फळी आणि कप. कप उचलून फळीवर ठेवायचा, बस्स. माझा हात मांडीवरून वर येईना. कप पडला की टुंग्कन आवाज, आणि कोपऱ्यात भलामोठा ०. चौथ्या शून्याला मी आतल्या आत रडायला लागले. डोळे झाकलेले, म्हणजे कुणाला दिसणार नाही, असा माझा समज.

तुम्ही खेळ थांबवलात. हेडसेट काढलात, त्याची ओली झालेली कड टिपलीत आणि माझ्याकडे न बघता म्हणालात, “घाम येतो हो यात फार.” मग स्कोअर बंद, आवाज बंद, फळी थेट मांडीच्या उंचीला. पुन्हा हेडसेट चढवलात. त्यावर एक शब्द नाही.

माणसाची लाज अशी राखायला कुठल्या कोर्समध्ये शिकवत असतील असं वाटत नाही.

मेंदूला नवी वाट पाडायची तर तीच हालचाल शेकडो वेळा करावी लागते, हे तुम्हीच सांगितलंत. चेंडू विसाव्यांदा दाबताना मला जांभई यायची. कप किती उचलले याचा पत्ताच लागायचा नाही. १९९६ पासून अमेरिकेत हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन या संशोधकांनी भाजलेल्या रुग्णांचं दुखणं व्हीआरने कसं विसरायला लावलं, जखमा धुताना त्यांना त्या आभासी दुनियेत बर्फाचे गोळे कसे फेकायला दिले, ते तुम्ही रंगवून सांगायचात. ऐकता ऐकता माझा हात आणखी दोन बोटं वर गेलेला असायचा. लबाडी कळत होती बरं का!

शेवटच्या आठवड्यात मीच म्हटलं, स्कोअर लावा. ३१ आले. तुम्ही सवयीने कड पुसलीत.

त्या दिवशी मात्र खरंच घाम होता.

तुमची,
कपवाली पेशंट